वीस टँकरचं दार

पाट म्हणलं की आमच्या भागातल्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, पाळी आणि भांडण. पाटात बोटी चालतात, आणि त्या बोटी टेकाड उतरून खाली येतात, असं कुणी मला आमच्या पारावर सांगितलं असतं तर मी म्हणलो असतो, "बाबा, सकाळीच घेऊन आलास का?" पण ते मी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, पाच दिवस त्या बोटीत राहिलो, जेवलो, झोपलो, आणि साठी उलटलेल्या माणसाला झेपतील तेवढी दारं ढकलली.

साल २०१९, महिना जूनचा. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला. नगर जिल्ह्यात जागोजागी चारा छावण्या. आमच्या दोन गाया आणि बैलजोडी छावणीत, धाकटा पोरगा त्यांच्यापाशी मुक्कामाला. गावात टँकर. अशा वक्ताला परदेशात जायचं म्हणजे लोक काय म्हणतील? मी नकोच म्हणत होतो. पण लेक इंग्लंडात असते, तिनं तिकिटं सहा महिने आधीच काढून ठेवलेली. पोरगा म्हणाला, "आप्पा, तुम्ही हितं थांबून काय पाऊस पडणार हाय? जाऊन या." आमची मंडळी तर बाजरीच्या पिठाची पिशवी शिवून तयारच होती. गेलो.

जावयांच्या कंपनीतल्या एका दोस्ताची बोट डिव्हायझेस नावाच्या गावापाशी उभी होती. त्याला ती पुढं सॉल्टफर्डला, एव्हॉन नदीवर न्यायची होती आणि रजा नव्हती. जावई म्हणाले, "आम्ही नेतो, आमचीही सहल होईल." पहिला दिवस तो दोस्त बरोबर राहिला, सगळं शिकवलं, आणि संध्याकाळी किल्ली देऊन निघून गेला.

बोट म्हणजे सात फूट रुंद आणि साठ फूट लांब. आमच्या गोठ्याच्या दावणीसारखी. आत चूल, झोपायच्या फळ्या, संडास, सगळं एका रांगेत. बिनभावकीचा वाडाच म्हणा. ताशी चार मैलांच्या पुढं पळवायची नाही, असा तिथला नियम. म्हणजे माणूस काठाकाठानं चालत निघाला तर बोटीच्या बरोबरीनं पोचतो. नात तशी चालायचीही. मागं उभं राहून एक दांडा धरायचा. बोट उजवीकडं न्यायची तर दांडा डावीकडं दाबायचा. जावई पहिल्या दिवशी तीनदा काठाला धडकले. मी दांडा धरला आणि बोट सरळ चालली. लेकीला नवल वाटलं. त्यात नवल कसलं? ट्रॅक्टरला ट्रॉली लावून उसाच्या फडात रिव्हर्स घेणाऱ्याला हे शिकवायला लागत नाही. उलटं वळवायची सवय हाताला असतेच.

हा पाट म्हणजे केनेट आणि एव्हॉन कालवा. केनेट नदी पूर्वेकडं थेम्सला मिळते, एव्हॉन पश्चिमेला ब्रिस्टलकडं जाते. दोन्ही नद्या पाटानं जोडल्या म्हणजे लंडनपासून ब्रिस्टलपर्यंत माल पाण्यानं नेता येईल, हा हिशोब. जॉन रेनी नावाच्या इंजिनिअरनं आखणी केली आणि १८१० साली तो सलग सुरू झाला. लांबी ८७ मैल. सगळी खुदाई माणसांनी फावड्यानं आणि हातगाड्यांनी केलेली. तळाला चिकणमाती तुडवून तुडवून बसवली, म्हणजे पाणी मुरत नाही. कोळसा, दगड, धान्य, सगळं बोटीनं जायचं. बोटीला घोडा लावायचा आणि तो काठाच्या वाटेनं दोरी ओढत चालायचा. ती वाट अजून आहे. मला ती बघून आमच्या विहिरीवरची मोटेची धाव आठवली. तिथं बैल मागंपुढं करायचे, इथं घोडा पुढंच जायचा, एवढाच फरक.

पण दोन नद्यांच्या मधी उंचवटा आहे. पाणी काही चढ चढत नाही. मग बोट चढणार कशी? त्यासाठी लॉक.

लॉक म्हणजे दगडी बांधकामाचा हौद. दोन बोटी शेजारी शेजारी मावतील एवढा रुंद. वरच्या अंगाला दार, खालच्या अंगाला दार. दारं दोन पाखांची, आणि दोन्ही पाखं वरच्या पाण्याकडं तोंड करून टोकाशी मिळतात. पाणीच त्यांना दाबून धरतं. दाराच्या आतबाहेर पाणी सारख्या पातळीला आल्याशिवाय दहा पैलवान लावले तरी ते दार उघडत नाही. खाली जायचं असेल तर हौद आधी भरून घ्यायचा, बोट आत घ्यायची, वरचं दार लावायचं, मग खालच्या झडपा पान्यानं फिरवून उचलायच्या. पाणी खाली निघून जातं, बोट त्याच्याबरोबर खाली बसत जाते. पातळी जुळली की दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावायची, पाय रोवायचे आणि बुडानं रेटायचं. दार हळूहळू सुटतं. कुणी सरकारी माणूस लागत नाही. ज्याची बोट, त्याचा पाना.

पहिल्या लॉकमधून बोट खाली उतरली आणि नातीनं टाळ्या वाजवल्या. मी पाण्याकडं बघत होतो. जावयांना विचारलं, "एवढ्यात किती पाणी गेलं?" त्यांनी लांबी, रुंदी, खोली धरून फोनवर हिशोब केला. सव्वादोन-अडीच लाख लिटर. आमच्या गावात येणारा टँकर बारा हजार लिटरचा. म्हणजे वीस टँकर. एक बोट एकदा खाली उतरवायला वीस टँकर! आमच्या गावात त्या महिन्यात दिवसाला दोन टँकर यायचे आणि त्यापुढं हंड्यांची रांग दीड फर्लांग लागायची. मी गप्प बसलो. मंडळींनी विचारलं, "अहो, काय झालं? पोटात दुखतंय का?" काय सांगणार तिला?

आणि पुढं तर केन हिल होतं. दोन मैलांत २३७ फूट उतार आणि त्यासाठी एकूण २९ लॉक. त्यातले मधले १६ एका सरळ रेषेत, टेकाडाच्या अंगावर जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसे. दोन लॉकच्या मधी पाणी साठवायला लांबीत जागा नाही, म्हणून प्रत्येक लॉकच्या बगलेला एकेक रुंद तळं काढून दिलंय. त्या तळ्यांत बदकं आणि हंस. वरच्या दाराशी उभं राहिलं की काळी-पांढरी दारं एकाखाली एक, पार खालपर्यंत दिसतात. बघून डोळे निवतात. पण माझ्या डोक्यात २९ गुणिले वीस चाललं होतं.

तिथं पिवळं जाकीट घातलेला एक म्हातारा मदतीला आला. माझ्याच वयाचा, कदाचित चार वर्षं मोठा. पूर्वी बस चालवायचा, आता निवृत्त. आठवड्यातले दोन दिवस इथं फुकट काम करतो. आम्ही पुढच्या लॉकला पोचलो तर लॉक रिकामं. मी पाना घेऊन भरायला निघालो, तसा त्यानं हात वर केला. खालून एक बोट वर येत होती. तो म्हणाला, थांबा. तिला आधी वर येऊ द्या. ती वर येईल तेव्हा लॉक आपोआप भरलेलं असेल, त्याच पाण्यावर तुम्ही खाली जा. आत्ता भरलंत तर तिच्यासाठी ते रिकामं सोडावं लागेल, म्हणजे एक लॉकभर पाणी फुकट. मग त्यानं मागं बोट दाखवलं. आमच्या मागून एक म्हातारा-म्हातारी छोटी बोट घेऊन येत होते. त्यांनाही शेजारी घ्या म्हणाला. एका पाण्यात दोघं उतरा.

वीस मिनिटं थांबलो. वर येणारी बोट आली, लॉकमधून निघाली, आणि त्याच पाण्यात आमच्या दोन बोटी जोडीनं आत गेल्या. मनात हिशोब केला. आता एका बोटीला दहा टँकर, आणि तेही दुसऱ्याच्या कामी येऊन गेलेले. पुढची बरीच लॉकं आम्ही त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या बरोबरीनंच उतरलो. आमच्या मंडळींनी दुपारी भाकरी आणि ठेचा त्यांच्या बोटीत पोचवला. ठेचा खाऊन म्हाताऱ्याचं तोंड लाल झालं, तरी त्यानं ताटली पुसून परत केली.

त्या पिवळ्या जाकीटवाल्याला मी लेकीच्या मदतीनं खोदून विचारलं. एवढं पाणी खाली जातं, मग वर कुठून येतं? तो म्हणाला, टेकाडाच्या पायथ्याला पंप आहेत, १९९६ साली बसवले. खाली आलेलं पाणी परत माथ्यावर ढकलतात. दर अकरा मिनिटांला एक लॉकभर. आणि रात्री हा टेकाडाचा टप्पा बंद ठेवतात. मग मी त्याला माझ्या पोटातला प्रश्न विचारला.

"रात्री, किंवा आडबाजूच्या लॉकवर, कुणी नसताना, कुणी झडप तशीच उघडी टाकून गेलं तर? बघतंय कोण?"

लेकीनं सांगितलं तसा तो हसला. त्यानं खाली हात केला. खाली पाचव्या-सहाव्या दाराशी एक बाई बोट धरून उभी होती, तिच्याजवळ एक कुत्रं. म्हणाला, "ती बघ. इथून ती दिसते ना? आपण पाणी वाया घालवलं तर ती अडकेल, हे समजतं."

हे मला फार लागलं. का ते सांगतो.

आमची जमीन चारीच्या शेपटाला आहे. पाटाला पाणी सुटलं की मुखाजवळच्या शेतकऱ्याचं दार आधी, मग मधल्यांचं, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही. कागदावर नियम उलटा आहे, शेपटाकडून पाणी द्यायचं. कागद कागदापाशी. एका वर्षी गहू ओंबीवर आलेला, शेवटची पाळी. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मी आणि थोरला पोरगा चारीवर बसलो. अकराला पोचायचं पाणी पहाटेपर्यंत आलं नाही. उजाडता चालत वर गेलो तर दोन दारांच्या फळ्याच गायब, आणि पाणी एका पडीक रानात तळं करून बसलेलं. पडीक रान भिजलं, आमचा गहू पोचट निघाला. कुणी केलं त्याचं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. त्याचं रान मुखाशी. त्यानं आमचा गहू कधी पाहिलेला नाही. चारी सहा किलोमीटर, मधी ओढा, मधी उसाचे फड. वरच्याला खालचा दिसतच नाही. त्याच्या मनानं पाणी दाराबाहेर गेलं म्हणजे संपलं.

इंग्लंडातली माणसं देवमाणसं आहेत आणि आपण चोर, असं मी म्हणत नाही. त्यांच्या त्या पाटावर कुणाचं पीक नाही. पाणी अडलं तर सहल अडते, चूल अडत नाही. पोटाला चिमटा बसला की तिथलाही माणूस रात्री बॅटरी घेऊन निघेल. पण दार ज्याच्या त्याच्या हातानं उघडायचं, हातानंच लावायचं, आणि खालचा माणूस डोळ्यांपुढं असायचा, एवढ्यानं किती फरक पडतो हे मला तिथं दिसलं.

आणि तो पाट त्यांना आयता मिळालेला नाही. १८४१ साली लंडन-ब्रिस्टल रेल्वे झाली आणि बोटींचा माल रेल्वेनं ओढला. पुढं रेल्वे कंपनीनं पाटच विकत घेतला. सवत घरात आली की जुनीचं काय होतं ते झालं. शंभर वर्षांत दारं कुजली, गाळ भरला, झाडं उगवली. १९५० नंतर तो कायमचा बंद करायचं घाटत होतं. तेव्हा काठच्या लोकांनी वीस हजारांवर सह्या गोळा करून राणीकडं अर्ज नेला. पाट वाचला, पण दुरुस्त कोण करणार? तर लोकच. शाळामास्तर, कारकून, सुतार, पेन्शनर सुटीच्या दिवशी फावडी घेऊन यायचे. असं तीस-चाळीस वर्षं चाललं. १९९० च्या ऑगस्टमध्ये राणीनं केन हिलला येऊन पाट पुन्हा खुला केला. तो पिवळ्या जाकीटवाला म्हणाला, मी तरुणपणी इथल्या एका लॉकमधून चिखल काढलाय, त्यात एक सायकल आणि एक पलंग सापडला होता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही २९ उतरलो. कंबर आणि मांड्या बोलायला लागल्या. पुढचे दिवस आरामाचे. ब्रॅडफर्डच्या लॉकनंतर तर बाथ येईपर्यंत लॉकच नाही. पाट डोंगराच्या कुशीकुशीनं जातो, खाली एव्हॉन नदी वाहत असते, आणि दोन ठिकाणी पाट दगडी पुलावरून नदीच ओलांडतो. डंडासचा पूल १८०५ साली पुरा झाला. बोट पुलावर, खाली नदी, नदीच्या काठानं रेल्वे. मंडळी पुलावर डोळे मिटून बसल्या. "पाण्याच्या वर पाणी, हे काय सृष्टीला धरून नाही," म्हणाल्या. या टापूत बोटीतच घर करून राहणारी माणसंही पुष्कळ. टपावर लाकडं, सायकली, कुंडीत कोथिंबीर. ज्यांना कायमची जागा नाही त्यांना चौदा दिवसांच्या वर एका ठिकाणी थांबता येत नाही. धनगराचा वाडा जसा हलतो तशा त्या बोटी हलतात.

क्लेव्हर्टन नावाच्या जागी आम्ही बोट बांधून उतरलो. तिथलं यंत्र बघून मी अर्धा दिवस हललो नाही. पाट वर, नदी खाली, सुमारे ४८ फूट. पाटाला पाणी कमी पडायचं म्हणून १८१३ पासून इथं नदीनंच नदीचं पाणी वर चढवलं. २४ फूट रुंदीचं लाकडी पाण्याचं चाक. नदीचा प्रवाह ते फिरवतो, चाक पंप हलवतं, पंप त्याच नदीचं थोडं पाणी पाटात टाकतो. ना कोळसा, ना तेल. १९५२ ला चाक बंद पडलं, तेही पुन्हा लोकांनीच फुकट राबून चालू केलं. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, पण ठरावीक दिवशी चाक फिरवून दाखवतात. आमच्या वडिलांनी वीस वर्षं मोट हाकली. पाणी थारोळ्यात पडताना जो आवाज व्हायचा तो मी त्यानंतर तिथं ऐकला. बैलांच्या तोंडचा फेस मात्र नव्हता.

पाऊस रोज असायचा. भुरभुर, थंडगार. तिथल्या लोकांना त्याचा कंटाळा, ते तोंड वाकडं करायचे. मी टपावर भिजत बसायचो. रात्री पोराला फोन लावायचा. "आभाळ येतंय का?" "येतंय आप्पा, जातंय." पुढं काय बोलायचं? गायांचं विचारायचं आणि ठेवायचा. चहूकडून पाणी, टपावर पाणी, आणि घशाला कोरड, अशा माझ्या पाच रात्री गेल्या.

बाथला सहा लॉक उतरून आम्ही नदीत आलो. तिथलं एक लॉक एकोणीस फुटांच्या वर खोल, आत उतरलं की विहिरीत पडल्यासारखं वाटतं. वरचं दार लागलं की बोट पुढं घ्या, मागचं टोक उंबऱ्यावर अडकलं तर बोट लटकेल, असं लेक सारखी ओरडत होती. नदीत आल्यावर बोट हलकी झाली. पाटाचं पाणी उभं असतं, नदीचं पाणी ओढतं. दोन्ही काठांना कुरणं, गुडघाभर गवत, त्यात काळ्या-पांढऱ्या गाया. एवढं गवत बघून मला पोराचा आणि छावणीतल्या दावणीचाच चेहरा दिसायचा. सॉल्टफर्डला बोट बांधली, किल्ली दिली.

गावी परतलो तेव्हा पाऊस झाला होता. उशिरा, पण झाला. सप्टेंबरात आमच्या पाणी वापर संस्थेची बैठक होती. लोक म्हणाले, इंग्लंडचं सांगा. मी हंस आणि राजवाडे सोडून लॉकचंच सांगितलं. वीस टँकरचा हिशोब सांगितला तशी बैठक शांत झाली. मग म्हणलं, मला कुणाचं चुकलं ते काढायचं नाही. रब्बीच्या पाळीआधी एकदा सगळ्यांनी मिळून चारी मुखापासून शेपटापर्यंत चालू. नुसतं चालू. कुणाचं दार कसं आहे ते बघू.

काही हसले. पण एका रविवारी सतरा जण आले. मुखाजवळचे एक सत्तरीचे गृहस्थ काठी टेकत आले. ओढा ओलांडून आमच्या बांधावर पोचायला चार तास लागले, कारण वाटेत गाळ आणि वेड्या बाभळी. आमच्या रानात आल्यावर ते उभे राहिले. म्हणाले, "जन्म गेला चारीच्या पाण्यावर. पण चारी हितं संपते हे आज पाहिलं."

त्या वर्षी परतीच्या पावसानं एवढा धुमाकूळ घातला की पाण्याची परीक्षा झालीच नाही. सोंगलेली पिकं रानात कुजली. दुसऱ्या रविवारी चारी साफ करायला सतराचे सात राहिले. दोन दारांच्या फळ्या आम्ही वर्गणी काढून बसवल्या, त्यातली एक पुन्हा गेली. चाळीस वर्षं आम्हाला लागतील का जास्त, कोण जाणे.

पण पुढच्या पाळीला रात्री एक वाजता माझा फोन वाजला. ते काठीवाले गृहस्थ होते. म्हणाले, "आप्पा, माझं दार मी दहालाच लावलंय. तुमच्याकडं पाणी पोचलं का?"

मी बॅटरी घेऊन बांधावर गेलो. पाणी अजून आलं नव्हतं. त्यांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "थांबा मग, मी मधल्यांना उठवतो."